टॉम विल्स : नियम चौघांनी लिहिले, खेळून त्याने दाखवला

यारातीर

मुलगा गेल्या वर्षीपासून शनिवारी सकाळी ऑसकिकला जातो. ऑसकिक म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात लहान मुलांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा वर्ग. मैदानाच्या कडेला ओल्या गवतात उभं राहून, हातात संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन, मीही हा खेळ त्याच्यासोबतच शिकले. चेंडू लाल, लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो घेऊन पळायचं तर ठरावीक अंतरावर जमिनीवर टप्पा द्यावाच लागतो. आणि असला चेंडू सरळ हातात परत यायला हवा असेल तर त्याचं पुढचं टोक किंचित खाली झुकवून, पळतोय त्या दिशेला थोडा पुढे टेकवावा लागतो. जरा चुकलं की चेंडू भलतीकडेच. मुलाला हे जमायला अख्खा हंगाम गेला. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी घरी येताना गाडीत त्याने विचारलं, "आई, हा खेळ काढला कुणी?"

त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले आणि टॉम विल्समध्ये अडकले. मराठीत त्याच्याविषयी फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

थॉमस वेंटवर्थ विल्स. जन्म १९ ऑगस्ट १८३५, न्यू साउथ वेल्समधल्या मोलाँग्लोच्या माळावर, म्हणजे आजच्या कॅनबेराजवळ. आजोबा इंग्लंडातून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले कैदी, तर वडील होरेशियो मोठे मेंढपाळ जमीनदार. टॉम पाच वर्षांचा असताना कुटुंब मेंढरांचे कळप घेऊन आजच्या व्हिक्टोरियात आलं आणि ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या पायथ्याशी लेक्सिंग्टन नावाच्या ठिकाणी स्थिरावलं. ती भूमी जाब वुरुंग या आदिवासी लोकांची. आसपास गोऱ्यांची मुलं जवळपास नव्हतीच, त्यामुळे टॉम खेळला तो जाब वुरुंग मुलांबरोबर. त्यांची भाषा त्याला येत होती, गाणी पाठ होती.

१८५० मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला इंग्लंडला रग्बी शाळेत धाडलं. अभ्यासात यथातथा, पण शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि तिथला दांडगा फुटबॉलही मनसोक्त खेळला. १८५६ च्या अखेरीस मेलबर्नला परतला तेव्हा या वसाहतीत त्याच्या तोडीचा क्रिकेटपटू नव्हता. जानेवारी १८५८ मध्ये व्हिक्टोरियाने न्यू साउथ वेल्सला पहिल्यांदा हरवलं ते त्याच्याच कप्तानीखाली.

आता मुख्य गोष्ट. १० जुलै १८५८ ला 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या खेळांच्या साप्ताहिकात त्याचं एक पत्र छापून आलं. मुद्दा साधा होता : क्रिकेटचा हंगाम संपला की हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, अंग जड होतं, तेव्हा एक फुटबॉल क्लब काढावा आणि तीन-चार जणांची समिती नेमून नियम ठरवावेत. महिन्याभरात, ७ ऑगस्टला, रिचमंड पॅडकमध्ये, म्हणजे आजच्या एमसीजीच्या (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या) शेजारी, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांचा सामना झाला. एकेका बाजूला चाळीस मुलं, दोन गोलांमधलं अंतर सुमारे अर्धा मैल. पंच दोन : टॉम विल्स आणि जॉन मॅकॅडम. पहिल्या दिवशी निकाल लागला नाही, म्हणून पुढे आणखी दोन दिवस खेळले आणि शेवटी एक-एक गोलवर बरोबरी. या दोन शाळा आजही दरवर्षी एकमेकींशी खेळतात.

एमसीजीच्या बाहेर याच सामन्याचा पुतळा आहे. विल्स पंच म्हणून उभा आणि समोर चेंडूवर झेपावणारी पोरं. मी त्याच्या शेजारून कितीदा गेले असेन, पण पाटी कधी वाचली नव्हती.

त्याचं पुढचं आयुष्य फार अवघड आहे. प्रतिसादांत येईल तसं लिहीन. पण मला जे मनापासून वाटतं ते आधीच सांगते : 'नियम करणारा' म्हणून त्याचं नाव घेतात, ते अर्धवट आहे. तो आधी खेळाडू होता. खेळ वाचायची अशी नजर त्या काळात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

---

मिडऑफ

यारातीर ताई, सुंदर धागा. माझ्याकडून क्रिकेटची भर घालतो, कारण हा माणूस आपल्यालाही एका ठिकाणी भेटलेला आहे.

डिसेंबर २०२०. अ‍ॅडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो होतो, कोहली घरी परतला होता आणि बॉक्सिंग डे कसोटीत कप्तानी अजिंक्य रहाणेकडे आली. डोंबिवलीच्या पोराने ११२ केल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो. सामनावीर म्हणून रहाणेला मिळालं ते मुल्लाघ पदक, आणि ते मिळवणारा तो पहिलाच. पदक म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं बक्कल वाटावं असं. मी तेव्हा पहाटे उठून बघत होतो आणि मनात आलं, हा मुल्लाघ कोण?

जॉनी मुल्लाघ, मूळ नाव उनार्रिमिन. १८६८ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघाचा सर्वोत्तम खेळाडू. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला तो पहिला क्रिकेट संघ. सत्तेचाळीस सामने, त्यात मुल्लाघने १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. पदकाचा आकार त्या संघाच्या पट्ट्याच्या बकलावरून घेतलाय.

आणि त्याआधी, १८६६ च्या बॉक्सिंग डेला हाच संघ एमसीजीवर मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध उतरला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक आणि कर्णधार होता टॉम विल्स. सुमारे दहा हजार प्रेक्षक होते. सामना हरले, पण मुल्लाघला लोकांनी डोक्यावर घेतलं. रहाणेच्या गळ्यातल्या पदकाचा धागा मागे ओढत नेला की विल्सच्या हातात पोचतो, हे मला आज नीट कळलं.

---

जुनीपाने

नियमांबद्दल लिहितो, कारण मला त्यातच गोडी आहे.

मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापन झाला मे १८५९ मध्ये. १७ मे रोजी ईस्ट मेलबर्नच्या परेड हॉटेलात बैठक होऊन नियम लिहिले गेले. विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि थॉमस स्मिथ ही मुख्य मंडळी. एकूण दहा नियम, एका कागदात मावतील एवढे. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम केले १८६३ मध्ये, म्हणजे हे त्याच्या चार वर्षं आधीचं.

गंमत बघा, विल्सने आधी रग्बी शाळेचेच नियम घ्या असं सुचवलं होतं. हॅमर्सलीने नंतर लिहून ठेवलंय की ते विल्सखेरीज कुणाला समजतच नव्हते. मग साधे, सुटसुटीत नियम केले. नडगीवर लाथ मारायला बंदी. रग्बीत ते चालायचं, पण इथे खेळणारे मोठे, पोटापाण्याला लागलेले. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असे. इथली जमीनही कडक. कुणाच्या किकवरून आलेला चेंडू झेलला की 'मार्क' ओरडून मोकळी किक घ्यायची. हाच झेल आज या खेळाचा प्राण आहे. चेंडू हातात घ्यायचा तो झेलून किंवा टप्प्यावरच, जमिनीवरून उचलायचा नाही. फेकायचा तर नाहीच नाही.

आणि दहा नियमांत जे लिहिलेलंच नाही ते सर्वांत महत्त्वाचं : ऑफसाइड. तो नियमच नाही! म्हणजे खेळाडूने मैदानात कुठेही उभं राहावं. या एका रिकाम्या जागेतून अख्खा वेगळा खेळ निघाला.

ताईंच्या मुलाला जो टप्प्याचा नियम शिकवला तो मात्र १८६६ चा. पाच-सहा यार्ड पळालात की चेंडू जमिनीला लावा. ती सुधारणा विल्सचा आतेभाऊ हॅरिसन याच्या पुढाकाराने झाली. पुढे 'फुटबॉलचा जनक' हे बिरुद याच हॅरिसनला लागलं आणि विल्सचं नाव मागे पडत गेलं.

---

यारातीर

जुनीपाने, ऑफसाइडचं तुम्ही काढलंत ते फार बरं केलंत. मला म्हणायचंय ते हेच.

नियम सगळ्यांसाठी सारखे होते, पण त्या रिकाम्या जागेचा अर्थ पहिल्यांदा कळला विल्सला. त्या काळी सामना म्हणजे पाऊण मैदान रिकामं आणि चेंडूभोवती पन्नास माणसांचा गोळा, ढकलाढकली, चिखल. तासन् तास एक गोल होत नसे. १८६० मध्ये विल्स रिचमंडचा कप्तान होता. एका सामन्यात त्याने आपली माणसं त्या गोळ्यातून बाहेर काढली आणि बचावापासून थेट समोरच्या गोलापर्यंत मैदानभर ओळीने उभी केली. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे किक केली आणि चेंडू गोलात! आज आपण याला पासिंग म्हणतो आणि सहा वर्षांच्या पोरांनाही शिकवतो. तेव्हा बघणारे चकित झाले होते.

पुढे जिलाँगचा कप्तान असताना बॅलरॅटविरुद्धच्या सामन्यात वारा विरुद्ध दिशेचा होता. याने सगळा संघ मागे बचावात घातला आणि चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर मारून वेळ काढला. बॅलरॅटचे प्रेक्षक खवळले. मला ती चाल सुंदर वाटत नाही, पण डोकं किती चालत होतं बघा. मेलबर्न आणि जिलाँगकडून मिळून दोनशेहून अधिक सामने तो खेळला, १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. हंगाम लहान, प्रवास घोड्यावरून नाहीतर आगगाडीने, आणि उन्हाळाभर क्रिकेट वेगळंच.

---

केशरी

लेख आवडला, पण एक खटकलं. जाब वुरुंग मुलांबरोबर खेळला, त्यांची भाषा यायची, असं आपण दोन ओळीत उरकतो आणि मग रग्बी शाळेवर येतो. त्या लोकांचा स्वतःचा चेंडूचा खेळ होता. मार्नग्रूक. पॉसम या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू, लाथेने उंच उडवायचा आणि बाकीच्यांनी उड्या मारून झेलायचा. हे वाचल्यावर आजच्या खेळातला उंच झेल डोळ्यासमोर येत नाही का? शोध लावणारा म्हणून नाव मात्र जमीनदाराच्या मुलाचं.

---

नाशिककर_पर्थ

केशरी, यावर इथे फार भांडणं झाली आहेत. २००८ मध्ये खेळाची दीडशे वर्षं साजरी झाली तेव्हा अधिकृत ग्रंथात इतिहासकार गिलियन हिबिन्स यांनी हा संबंध म्हणजे मोहात पाडणारी दंतकथा असल्याचं लिहिलं, त्यावरून गदारोळ उठला. त्यांचा मुद्दा असा की विल्सने स्वतः कुठे मार्नग्रूकचा उल्लेख केलेला नाही आणि १८५९ च्या नियमांतलं जवळपास सगळं इंग्रजी शाळांच्या खेळांत सापडतं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आदिवासी खेळाडूंची नावं जशी कागदावर आली नाहीत तसंच हेही. २०१९ मध्ये आदिवासी फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्सची माफी मागताना एएफएलने, म्हणजे या खेळाच्या मुख्य संघटनेने, मार्नग्रूकचा प्रभाव जाहीरपणे मान्य केला.

माझं मत : कागदावर पुरावा नाही, पण दहा वर्षांचा पोरगा ज्यांच्यासोबत रोज खेळला त्यांचं काहीच त्याच्या अंगात उतरलं नसेल हे मला पटत नाही. आपण लहानपणी विटीदांडूत कमावलेली नजर पुढे क्रिकेट खेळताना कुठे जाते?

---

पानथेंब

मला इथे कुणीच न काढलेला विषय काढायचाय. कलिन-ला-रिंगो, विल्स कुटुंबाचं क्वीन्सलंडमधलं कुरण.

१८६१ मध्ये टॉम वडिलांबरोबर क्वीन्सलंडला गेला. नवीन कुरण वसवायचं, दहा हजारांवर मेंढ्या, बैलगाड्या, बायकामुलं. महिनोन् महिने चालत. ऑक्टोबरमध्ये पोचले. १७ ऑक्टोबरला तिथल्या गयिरी आदिवासी लोकांनी तळावर हल्ला केला आणि एकोणीस जणांना मारलं. त्यात वडील होरेशियो. टॉम सामान आणायला दोन माणसांबरोबर लांब गेला होता म्हणून वाचला.

हल्ल्यामागचं कारणही ठाऊक असायला हवं. शेजारच्या गोऱ्या जमीनदाराने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून आधी गयिरी लोकांवर गोळ्या चालवल्या होत्या. त्याचा सूड विल्सच्या तळावर निघाला. आणि मग गोऱ्यांनी आणि नेटिव्ह पोलिसांनी (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या आदिवासी शिपायांनी) जो बदला घेतला त्यात मेलेले गयिरी तीनशेहून अधिक असल्याचा अंदाज आहे. एकोणीस जणांची नावं आपल्याला मिळतात. या तीनशेंची नाहीत.

२०२१ मध्ये १८९५ च्या शिकागो ट्रिब्यूनमधला एक लेख उजेडात आला. त्यात टॉम विल्स स्वतः या बदल्याच्या हत्यांमध्ये सामील होता आणि तसं त्याने बोलून दाखवलं, असं लिहिलंय. लेख घटनेनंतर चौतीस वर्षांनी छापलेला, त्यात चुकाही आहेत आणि अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. पण तो पुतळा बघताना मला आता हे डोक्यातून काढता येत नाही. यारातीर ताई, तुमचं काय म्हणणं?

---

यारातीर

पानथेंब, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण घाईने लिहायचं नव्हतं.

मीही तो वाद वाचला. तो सामील होता की नव्हता हे मी ठरवू शकत नाही. पण हल्ल्यानंतर तो तिथे परतला आणि ते कुरण चालवायला तो दोन वर्षांहून अधिक काळ त्याच जागी बंदूक उशाशी घेऊन राहिला, हे तर खरंच. त्या काळात त्या मुलखात काय चाललं होतं हे त्याला माहीत नसणं शक्य नाही.

आणि हाच माणूस १८६६ च्या अखेरीस एडनहोपला गेला, लेक वॉलेसच्या काठावर, आदिवासी मजुरांना क्रिकेट शिकवायला. वडिलांना जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. का गेला? पैशाची गरज होतीच. तोवर तो कर्जात होता. काही जण म्हणतात ते प्रायश्चित्त होतं, काही म्हणतात निव्वळ नोकरी. त्याने स्वतः कुठे मन उघडं केलेलं नाही. मला वाटतं, ज्यांच्यात तो लहानपणी मोकळा होता, त्या माणसांत परत जायचं होतं त्याला. हे माझं वाटणं आहे, पुरावा नाही.

तो संघ नंतर सिडनीला नेला तेव्हा पैसे लावणाऱ्या माणसाने दगा दिला, दौरा कोसळला, खेळाडूंचे हाल झाले, काही आजारपणात दगावले. विल्सच्या दारूचाही त्यांच्यावर वाईट परिणाम झाला अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती मला खरी वाटते. १८६८ ला संघ इंग्लंडला गेला तो चार्ल्स लॉरेन्सच्या कप्तानीखाली. विल्स मागे राहिला. ज्या मेलबर्न क्रिकेट क्लबचा तो कधीकाळी सचिव होता तिथेच पगारी शिक्षक म्हणून राहायची वेळ त्याच्यावर आली.

पुतळा काढा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या मुलाला सांगताना हे सगळं सांगेन. आत्ता लगेच नाही, अजून तो सात वर्षांचा आहे. पण गयिरी लोकांचं नाव त्याला माझ्याकडून कळेल, शाळेतून कळायची वाट बघणार नाही.

---

मिडऑफ

क्रिकेटची अखेरही वाईट झाली त्याची. गोलंदाजी फेकी आहे अशी कुजबुज कित्येक वर्षं होती. हॅमर्सलीनेच, म्हणजे नियम लिहिताना शेजारी बसलेल्या मित्राने, वर्तमानपत्रातून त्याविरुद्ध मोहीम चालवली. १८७२ मध्ये वसाहतींच्या सामन्यात पंचाने त्याला फेकीबद्दल नो-बॉल दिला. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या क्रिकेटमध्ये असा नो-बॉल मिळालेला तो पहिला.

---

टाकेदोरे

मी डॉक्टर आहे, व्यसनाच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. विल्सच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

१ मे १८८० ला त्याला मेलबर्न हॉस्पिटलात नेलं. तिथून तो निसटला. २ मे ला हेडेलबर्गच्या घरी त्याने कात्री स्वतःच्या छातीत खुपसली. घरातले अडवायचा प्रयत्न करत होते. वय ४४.

विल्ससारख्या वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा प्रकार सुरू होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते आणि मग दिसायला लागतं : भिंतीवर किडे, दारात माणसं, कुणीतरी मारायला येतंय. त्या माणसाला ते शंभर टक्के खरं असतं. माझा एक रुग्ण रात्रभर पलंगाखालून 'त्यांना' हाकलत होता. आज आपल्याकडे गुंगीची औषधं आहेत, बी-१ ची इंजेक्शनं आहेत, बहुतेक जण वाचतात. १८८० मध्ये फक्त धरून ठेवायला माणसं होती.

विल्सला त्या रात्री काय दिसत होतं कुणास ठाऊक. पण त्याने 'आत्महत्येचा निर्णय घेतला' असं कृपया कुणी लिहू नका. त्या अवस्थेत निर्णय नावाची गोष्ट उरत नाही. आणि घरात कुणाची दारू सोडवायची असेल तर कोंडून ठेवून सोडवू नका, दवाखान्यात न्या.

---

केशरी

टाकेदोरे, शेवटच्या दोन ओळींसाठी मनापासून आभार. आमच्या घरी हे कोंडणं झालंय. तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर.

---

जुनीपाने

अवांतर : पहिल्या सामन्याचा दुसरा पंच जॉन मॅकॅडम म्हणजे ज्याच्या नावावरून मॅकाडेमिया हे झाडाला नाव पडलं तोच, रसायनशास्त्रज्ञ.

---

यारातीर

धागा वर काढतेय, कारण रविवारी जाऊन आले.

हेडेलबर्गच्या वॉरिंगल दफनभूमीत विल्स पुरलेला आहे. शंभर वर्षं त्या कबरीवर काही नव्हतं. १९८० मध्ये मेलबर्न क्रिकेट क्लबने पुढाकार घेऊन दगड बसवला. त्यावर तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संस्थापक आणि आपल्या काळातला अव्वल क्रिकेटपटू असल्याचं कोरलंय. हर्स्टब्रिजच्या लोकलने हेडेलबर्गला उतरायचं, कुणाला जायचं असेल तर सांगते.

मुलाने चेंडू बरोबर घेतला होता. आत खेळायचं नाही हे त्याला आधीच सांगितलं होतं आणि तो खेळलाही नाही, काखेत धरून उभा राहिला. दगडावरची अक्षरं एकेक करून वाचली. मग म्हणाला, "आई, तो पहिला सामना बरोबरीत सुटला म्हणालीस ना, मग परत खेळले का?" दरवर्षी खेळतात, म्हटलं. त्यावर त्याला या वर्षीचा सामना बघायचाय. तारीख कळली की इथेच टाकते, मेलबर्नमधले कुणी येणार असाल तर बरोबर जाऊ.